तीस सेकंदांचा उतारा

राजकुमार हिरानी यांचे नाव निघाले की 'आपल्या विदर्भाचा माणूस' असे छाती फुगवून म्हणायची आमच्याकडे रीत पडली आहे. नागपुरात ती असणे स्वाभाविक आहे, कारण ते नागपूरचेच. परंतु तेथून दीडशे किलोमीटरवरच्या यवतमाळातही स्नेहसंमेलनाच्या पाहुण्यापासून पानठेल्यावरच्या रसिकापर्यंत सगळे हेच म्हणतात आणि वर एक वाक्य जोडतात : 'अशा माणसाने आमच्या शेतकऱ्यावर एक सिनेमा काढला म्हणजे जगाचे डोळे उघडतील!' माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. हिरानींनी यवतमाळवर सिनेमा काढला नाही हे ठीकच झाले. ज्या वाटेने ते गेले ती वाट उतारा असलेल्या दुःखाकडे जाते. आमच्या दुःखाकडे ती येत नाही. हे न ओळखता आम्ही त्या वाटेकडे डोळे लावून बसलो आहोत, यात त्यांचे काही बिघडत नाही, नुकसान आमचे आहे.

प्रथम त्या माणसाचे जे श्रेय आहे ते त्याच्या पदरात टाकू. १९६२ साली नागपुरात, फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील टायपिंगचे वर्ग चालवीत. मुलाने वाणिज्य शाखेतून चार्टर्ड अकाउंटंट व्हावे असा चारचौघांसारखा बेत होता. मुलगा नाटकात रमला आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकायला गेला. पुढे मुंबईत पोट भरले ते जाहिरातपटांनी. फेव्हिकॉलच्या एका जुन्या जाहिरातीत जोर लावून ओढणाऱ्या मंडळींत ते स्वतःही दिसतात. २००० साली त्यांनी 'मिशन काश्मीर'चे संकलन केले, २००३ साली 'मुन्नाभाई एम.बी.बी.एस.' आला, २००६ साली 'लगे रहो मुन्नाभाई', २००९ साली 'थ्री इडियट्स', मग २०१४ चा 'पीके', २०१८ चा 'संजू' आणि २०२३ चा 'डंकी'. वीस वर्षांत सहा चित्रपट! पैकी पहिल्या तिन्हींना निर्मळ करमणूक करणारा लोकप्रिय चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कोणाच्या कुबड्या न घेता, घराण्याच्या नावावर न जगता एवढी मजल मारणाऱ्या माणसाबद्दल मला आदरच आहे. त्यांचा विनोद स्वच्छ असतो, लहान माणसाबद्दलचा त्यांचा लळा खोटा नसतो आणि त्यांच्या चित्रपटात एकही दृश्य फुकट जात नाही. ही काटकसर जाहिरातीच्या शाळेत शिकलेली आहे.

परंतु शाळा काटकसरीबरोबर आणखीही काही शिकवते. जाहिरातपटाचे व्याकरण तीन शब्दांचे असते : दुखणे, उतारा आणि हसरा चेहरा. गुडघा दुखतो, मलम लागते, आजोबा नातवाबरोबर धावतात. हे सारे तीस सेकंदांत. यात दुखणे असेच निवडावे लागते की जे उताऱ्याला बधेल. ज्याला औषध नाही ते दुखणे जाहिरातीत येऊच शकत नाही, कारण तेथे विकण्यासारखे काही उरत नाही. हिरानींनी हेच व्याकरण अडीच तासांवर पसरले. रुग्णालयातील कोरडेपणा? मिठी मारा. लबाड बिल्डर? फुले पाठवा. परीक्षेचे भय? छातीवर हात ठेवून सगळे ठीक आहे म्हणा. प्रत्येक चित्रपटात एक उतारा आहे, त्याला सुटसुटीत नाव आहे आणि चित्रगृहातून बाहेर पडताना तो खिशात घालून नेता येतो.

आमच्या जिल्ह्यात 'उतारा' म्हटले की शेतकऱ्याला सातबारा आठवतो. त्या कागदावर बोजा चढतो. तो हसऱ्या चेहऱ्याने उतरत नाही.

२००६ हे साल या दृष्टीने नीट पाहण्यासारखे आहे. त्या वर्षी १ जुलैला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या दौऱ्यात यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. बरोबर दोन महिन्यांनी, १ सप्टेंबरला, 'लगे रहो मुन्नाभाई' झळकला. 'गांधीगिरी' हा शब्द देशभर झाला. ऑक्टोबरात विदर्भातल्या शेतकऱ्यांनीही त्याच नावाने आंदोलन केले. ज्यांच्या शेजारच्या जिल्ह्यात सेवाग्राम आणि पवनार उभे आहेत, त्यांना गांधींचा मार्ग मुंबईच्या पडद्यावरून शिकावा लागला, यावर हसावे की रडावे हे मला कळत नाही.

त्या मार्गाचे पुढे काय झाले तेही पाहावे. २००७ च्या जुलैत अमेरिकेतील भारतीय नोकरदारांनी ग्रीन कार्डाचे अर्ज अचानक नाकारले गेले म्हणून तिथल्या खात्याच्या प्रमुखांना शेकडो पुष्पगुच्छ पाठविले. काही दिवसांत खात्याने निर्णय फिरविला. अर्थात तेथे फुलांच्या मागे वकीलही उभे होते आणि लोकप्रतिनिधींचा दाबही होता. इकडे कापसाच्या शेतकऱ्याच्या हातातले फूल सुकून गेले. २००८ साली देशव्यापी कर्जमाफी आली तेव्हा संपूर्ण माफीला पाच एकरांची मर्यादा होती. ओलिताच्या मुलखात पाच एकरवाला सुखवस्तू असेल, पण यवतमाळच्या कोरडवाहू जमिनीत आठ एकरवालाही कंगाल असतो. तो मर्यादेबाहेर राहिला. आता त्याने फूल कोणाला द्यायचे होते? पाचाचा आकडा ज्याने लिहिला त्याला? तो कोण, हे गावात कोणाला ठाऊक होते? २०२५ च्या ऑगस्टात केंद्र सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठविले आणि ती सवलत पुढे वर्षअखेरपर्यंत वाढविली. म्हणजे आमचा कापूस वेचून बाजारात येण्याच्या दिवसांत. या निर्णयाला चेहरा कोणता? गांधीगिरीचे सारे बळ समोरच्याला लाज वाटण्यात आहे. लाजायला माणूस लागतो. अधिसूचनेला लाज वाटत नाही.

खऱ्या गांधींना हे पुरते ठाऊक होते. १९१७ साली चंपारण्यात गेल्यावर त्यांनी निळीच्या मळेवाल्यांना फुले दिली नाहीत. हजारो शेतकऱ्यांच्या जबान्या लिहून घेतल्या, आणि पुढच्या वर्षी तीनकठिया पद्धत कायद्याने गेली. आमच्या वणीच्या लोकनायक बापूजी अण्यांनी १९३० साली पुसदला जंगल सत्याग्रह केला तेव्हा राखीव जंगलातले गवत कापून आपण नेमका कोणता कायदा मोडतो आहोत हे सांगून तो मोडला. सत्याग्रहात आधी अन्यायाचे नाव घ्यावे लागते. जाहिरातीत नाव घेतात ते उताऱ्याचे.

'लगे रहो'मध्येच एक तरुण आहे. वडिलांचे सात लाख रुपये शेअरबाजारात बुडवून तो जीव द्यायला निघतो. रेडिओवरून मुन्ना त्याला वडिलांना खरे सांगायला लावतो, वडील क्षमा करतात, मुलगा टॅक्सी चालवून पैसे फेडू लागतो. प्रसंग सुंदर आहे. माझ्याही डोळ्यांत पाणी येते. पण थोडे थांबून विचारा की तेथे सावकार कोण आहे? बाप! क्षमा करू शकेल असाच सावकार निवडला, म्हणून उतारा लागू पडला. यवतमाळच्या शेतकऱ्याचे कर्ज बापाकडून घेतलेले नसते. ते बँकेचे असते, कृषी केंद्राच्या उधारीचे असते, चिठ्ठीवर व्याज लावणाऱ्या सावकाराचे असते, आणि बहुधा तिन्हींचे मिळून असते. त्याने रेडिओवर खरे सांगितले तर दुसऱ्या दिवशी वसुलीवाला दारात येईल.

'थ्री इडियट्स'मध्ये राजू रस्तोगीचे घर येते. अंथरुणाला खिळलेला बाप, लग्नावाचून राहिलेली बहीण, भाजीचे भाव मोजणारी आई. आणि हे घर दाखविताना पडदा काळापांढरा होतो, जुन्या सिनेमाची नक्कल होते, प्रेक्षक खो खो हसतात. गरिबी ही पन्नास वर्षांमागची फॅशन आहे, आता तिची टवाळी करायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ होतो. रंगीत पडद्यावर ती झेपली नसती काय? आमच्या राळेगावच्या, घाटंजीच्या, झरी-जामणीच्या घरांतून ती आजही पुऱ्या रंगांत आहे. त्याच चित्रपटात एक विद्यार्थी गळफास घेतो आणि त्याबद्दल शिक्षणव्यवस्थेकडे बोट दाखविले जाते, हे मी नाकारीत नाही. परंतु ते बोट शेवटी एका विक्षिप्त प्राचार्यावर येऊन थांबते, प्राचार्य सुधारतो आणि व्यवस्था सुटते.

सर्वांत अधिक हळहळ वाटते ती पहिल्याच चित्रपटातील एका प्रश्नाची. मुन्ना वर्गात उभा राहून विचारतो की रोगी मरायला टेकलेला असताना आधी फॉर्म भरणे जरुरीचे आहे काय? केवढा धारदार प्रश्न हा! याच प्रश्नाचे बोट धरून हिरानी चालत राहिले असते तर ते थेट आमच्या कलेक्टर कचेरीत पोहोचले असते. आमच्याकडे फॉर्म माणूस मेल्यानंतर भरतात. शेतकऱ्याने आत्महत्या केली की ती 'पात्र' की 'अपात्र' हे समिती ठरविते. जमीन त्याच्या नावावर होती काय, कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचे होते काय, वसुलीचा तगादा होता काय? सारे कागद जुळले तर एक लाख रुपये मिळतात. त्यातले तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीत. शेतात राबणारी बाई मेली आणि सातबारा नवऱ्याच्या नावावर असला तर ती शेतकरीच ठरत नाही. मरणालाही पात्रता लागते, हा विषय जगातल्या कोणत्या विनोदकाराला सुचला असता? पण याला मिठीचा उतारा नाही. म्हणून प्रश्न फॉर्मपाशी सुरू झाला आणि मिठीपाशी संपला.

याचा अर्थ जाहिरात यवतमाळला आलीच नाही असा नव्हे. ती आली, आणि तेच तीन शब्दांचे व्याकरण घेऊन आली. २००८ साली एका मोठ्या इंग्रजी दैनिकाने आमच्या जिल्ह्यातील भांबराजा आणि अंतरगाव या दोन गावांवर पानभर मजकूर छापला. बीटी कापसाने तेथे सोने पिकले आणि तेथे आत्महत्या झाल्या नाहीत, असा त्याचा सूर. २०११ साली तोच मजकूर पुन्हा आला, या वेळी व्यावसायिक उपक्रमाचा शिक्का घेऊन. २०१२ साली पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त हे प्रकरण उघड्यावर मांडले, तेव्हा गावकरी आपल्या गावातल्या आत्महत्यांबद्दल सांगत होते. दुखणे, उतारा, हसरा चेहरा. फक्त चेहरा भाड्याचा होता. पुढे २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात पडले. औषधांच्या जाहिरातीतील शेतकरी नेहमी ताठ उभा असतो आणि त्याची कपाशी कमरेएवढी असते. खरी कपाशी त्या वर्षी डोक्याएवढी वाढली होती आणि फवारा तोंडावर येत होता.

आता दोन आक्षेप येतील. पहिला असा की करमणूक करणाऱ्याकडून तुम्ही अर्थशास्त्र मागता. मी ते मागत नाही. हिरानींनी हवे तितके हसवावे. माझी तक्रार त्यांच्या चित्रपटाला औषधाची बाटली समजून पिणाऱ्यांबद्दल आहे. 'संजू'त एका नटाची डागाळलेली प्रतिमा त्यांनी किती कुशलतेने धुतली आणि मळ वर्तमानपत्रांच्या दारात कसा टाकला, हे ज्याने पाहिले त्याने तरी ओळखायला हवे की हे कसब कोणत्याही मालाला लागू पडते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जाहिरातीने दृष्टी बिघडते असे म्हणायचे तर श्याम बेनेगल यांचे काय? त्यांनीही आयुष्याची पहिली वर्षे जाहिरातीत घालविली, शेकडो जाहिरातपट केले. हा आक्षेप मला मान्य आहे. किंबहुना तो माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. १९७६ साली बेनेगलांनी 'मंथन' काढला. गुजरातच्या पाच लाख दूधउत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, दहा लाख रुपये जमले आणि त्यातून चित्रपट उभा राहिला. पटकथा आमच्या विजय तेंडुलकरांची. एका अर्थी तीही दूधसंघाची जाहिरातच होती. पण तिच्यात गाव एकजुटीने हसत नाही. सरपंच आणि दलित वस्ती समोरासमोर येतात, डेअरीचा मालक डाव टाकतो आणि शहरातून आलेला डॉक्टर काम अर्धे टाकून परत जातो. संस्था तरते की बुडते हे त्या गावातल्या माणसांवर सोडून चित्रपट संपतो. हा फरक कशाने पडला? बेनेगलांच्या प्रतिभेने, होय. पण दोन रुपयांनीही. ज्याने पैसे दिले तोच पडद्यावर होता आणि तोच पाहायला येणार होता. बैलगाड्या, ट्रक करून शेतकरी आपला चित्रपट पाहायला गेले. त्यांना तीस सेकंदांचा उतारा दाखविला असता तर त्यांनीच विचारले असते की हे कोणत्या गावचे?

आमच्या मातीवर असा चित्रपट होतच नाही असेही नाही. सतीश मनवर यांच्या २००९ च्या 'गाभ्रीचा पाऊस'मध्ये कापसाच्या शेतकऱ्याची बायको नवरा जीव देईल या भयाने त्याच्यामागे लहान मुलाला लावून देते, ताटात गोडधोड वाढते, आणि नवरा बुचकळ्यात पडतो. त्यात विनोद आहे, वऱ्हाडी बोली आहे, बी-बियाण्याचा पैसा आहे आणि पावसाची लहर आहे. उतारा मात्र नाही. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसविलेल्या 'तेरवं' नाटकात तर शेतकऱ्यांच्या विधवाच रंगमंचावर उभ्या राहिल्या. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला भरलेल्या ब्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांतल्याच एका भगिनीने केले. तीन दिवस आम्ही टाळ्या वाजविल्या. पण ज्या गावांतून कापूस येतो त्या किती गावांत 'गाभ्रीचा पाऊस' दाखविला गेला? तालुक्याच्या चित्रगृहात तो लागावा म्हणून कोणी धडपडले? 'थ्री इडियट्स' मात्र आम्ही तीनतीनदा पाहिला, आणि मग आमच्यावर सिनेमा का निघत नाही म्हणून सुस्कारे टाकले.

येथे मी आपल्याच माणसांना धारेवर धरणार आहे. गुजरातेत दुधाचा संघ होता, तसा आमच्याकडे कापसाचा नव्हता काय? १९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि ती तीन दशके चालली. राज्यातला कापूस उत्पादक पणन महासंघामार्फत विकला जात होता, लाखो शेतकऱ्यांची नावे एका वहीत होती, त्यांच्या पैशांतून नाना निधींसाठी कपात होत होती. त्या कपातीतले दोन रुपये एका चित्रपटाला द्यावेत असे एकाही संचालकाला, आमदाराला, साहित्यिकाला सुचले नाही. याच काळात, १९ मार्च १९८६ रोजी, महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपविले. महाराष्ट्रातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून तिचा उल्लेख होतो. त्या वेळी आमच्यापाशी संघ होता, पैसा होता, आणि लेखकही होते. चित्रपट नव्हता, कारण आमचे दुःख दुसऱ्या कोणी तरी येऊन सांगेल अशी वाट पाहण्याची सवय आम्हांला तेव्हाच लागली होती.

अजूनही जिल्ह्यात दर हंगामाला लाखो क्विंटल कापूस विकला जातो. कडता जातो, हमाली जाते, तोलाई जाते. त्याची पावतीही कोणी नीट वाचीत नाही. त्या पावतीवर क्विंटलमागे दोन रुपये स्वखुशीने लिहून दिले गेले तर एका हंगामात एका प्रामाणिक चित्रपटाच्या भांडवलाची सुरुवात होईल. त्यासाठी बाजार समित्यांनी, ग्रामसभांनी आणि आमच्यासारख्या लेखणी चालविणाऱ्यांनी दारोदार जावे लागेल. दिग्दर्शक जाहिरातीतून आलेला असला तरी माझी हरकत नाही. ते कसब हाताशी असणे चांगलेच. अट एवढीच की आधी त्याने चंपारण्यासारख्या जबान्या लिहून घ्याव्यात : फॉर्म कोणी अडविला, पाच एकरांचा आकडा कोठून आला, कापसाचा भाव कोणाच्या सहीने पडला. नावे मिळाली म्हणजे कथा आपोआप मिळेल.

हिरानींना आपल्या विदर्भाचे म्हणून खुशाल मिरवावे. त्यांनी कोणाचे वाईट केलेले नाही, लक्षावधी लोकांना हसविले आहे आणि पुढेही हसवितील. मात्र त्यांनी आमच्याकडे वळून पाहावे म्हणून आता याचना पुरे झाली. या दिवाळीत कापूस बाजारात येईल, पावत्या फाटतील. त्या पावतीवर दोन रुपयांची ओळ घालायची की नाही, हे हिरानींनी ठरवायचे नसून आपल्याला ठरवायचे आहे.